एकाच काडतुसाची दोन रिव्हॉल्व्हरे

व्याख्या

नळीच्या मागे फिरते चक्र असलेले आणि त्या चक्राच्या प्रत्येक कप्प्यात एक काडतूस बसणारे हातातले शस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. कप्पे बहुधा सहा असतात; लहान आकाराच्या शस्त्रात पाच, .२२ सारख्या बारीक काडतुसासाठी आठही. सॅम्युअल कोल्टने १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या रचनेचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येक बारानंतर शस्त्र स्वतःच्याच धक्क्याच्या जोरावर पुढचे काडतूस आत घेते. रिव्हॉल्व्हरमध्ये ही सारी हालचाल वापरणाऱ्याच्या बोटाच्या जोरावर होते. नेमबाजीच्या रेंजवरचे रिव्हॉल्व्हर आणि पोलिसांच्या कमरेला पूर्वी दिसणारे बंदोबस्ताचे रिव्हॉल्व्हर लांबून सारखीच वाटली तरी त्यांच्या बांधणीतला जवळपास प्रत्येक निर्णय उलट दिशेने घेतलेला असतो.

रचना आणि कार्य

चाप ओढला की आतली एक पट्टी चक्राला एका कप्प्याइतके फिरवते. कप्पा नळीच्या अगदी समोर आला की एक खिट्टी चक्राच्या खाचेत बसते आणि त्याला जागेवर धरून ठेवते. मग घोडा सुटतो, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आघात होतो आणि बार उडतो. चक्र आणि नळी हे दोन वेगळे भाग असल्यामुळे त्यांच्यामध्ये साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटरची फट ठेवावी लागते. फट कमी झाली तर काजळी साचून चक्र अडते, जास्त झाली तर वायू वाया जातो. या फटीतून प्रत्येक बारासोबत तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना फेकले जातात. रिव्हॉल्व्हर धरताना दुसऱ्या हाताचे बोट चक्राच्या पुढे येऊ देऊ नये, हा नियम त्यामुळेच आहे.

अचूकतेचा खरा कस या जुळणीत लागतो. सहाही कप्पे नळीच्या मध्याशी सारखेच जुळले पाहिजेत. एखादा कप्पा किंचित बाजूला राहिला तर गोळी नळीत शिरताना एका अंगाने घासते आणि लक्ष्यावर सहापैकी एक छिद्र नेहमी वेगळे पडते. नेमबाजीच्या रिव्हॉल्व्हरची किंमत मुख्यतः या जुळणीची असते. बंदोबस्ताच्या रिव्हॉल्व्हरला थोडी ढिलाई चालते. किंबहुना ती उपयोगीच पडते, कारण घाण, घाम आणि गंज यांनी अडकणारे शस्त्र प्रसंगी निरुपयोगी ठरते.

चाप

घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला आणि मग चाप दाबला, तर चापाला एकच काम उरते: घोडा सोडणे. याला एकेरी क्रिया म्हणतात. त्यासाठी एक ते दोन किलोइतका दाब पुरतो आणि चापाची हालचाल जेमतेम जाणवण्याइतकी असते. घोडा खालीच असताना चाप ओढला तर तोच चाप घोडा मागे नेतो, चक्र फिरवतो आणि शेवटी घोडा सोडतोही. ही दुहेरी क्रिया. तिला साधारण साडेचार ते साडेपाच किलो दाब लागतो आणि बोटाचा प्रवासही लांब असतो.

नेमबाजाला एकेरी क्रिया हवी असते. बोटाचा जोर जितका कमी, तितके मनगट स्थिर. बंदोबस्ताच्या शस्त्रात मात्र जड आणि लांब चाप हाच सुरक्षेचा उपाय असतो. घाबरलेल्या माणसाच्या बोटाने चुकून एक किलोचा चाप सहज दाबला जाईल, पाच किलोचा सहसा नाही. म्हणून बहुतेक रिव्हॉल्व्हरांना पिस्तुलासारखी वेगळी सेफ्टीची कळ नसते. त्याच जड चापाने २५ मीटरवर दहाचे वर्तुळ गाठायचे म्हटले, तर चांगल्या नेमबाजाचीही दमछाक होते.

नेमाचे गणित

दोन शस्त्रांतला सर्वांत मोठा फरक साध्या भूमितीचा आहे. नळीच्या टोकाशी असलेली माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर जितके जास्त, तितकी नेमातली चूक कमी वाढते. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे अंतर १०० मिलिमीटर धरू. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर बाजूला जाईल. स्पर्धेच्या शस्त्रात हे अंतर २२० मिलिमीटरपर्यंत ठेवता येते. तिथे तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक सुमारे ५७ मिलिमीटरची होते. २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो, म्हणजे मध्यापासून काठ २५ मिलिमीटरवर. दोन्ही नेमबाजांचा दहा हुकलाच. पण लांब अंतराच्या शस्त्राचा मालक मध्याच्या तुलनेने जवळ आहे, आखूड शस्त्राचा मालक बराच बाहेर गेला आहे.

आता हेच अंतर पाच मीटर केले, तर आखूड शस्त्राची चूक २५ मिलिमीटरवर येते. घराच्या दारात किंवा गाडीच्या आत घडणाऱ्या प्रसंगात तिला काही महत्त्व नाही. म्हणून बंदोबस्ताच्या शस्त्रात लांब नळीचा आग्रह धरण्याचे कारणच उरत नाही. उलट ती कमरेला अडते आणि पटकन बाहेर निघत नाही. मागची खाच नेमबाजीच्या शस्त्रात स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवी हलवता येते. बंदोबस्ताच्या शस्त्रात ती सांगाड्यातच कोरलेली असते, कारण हलणारा भाग कपड्यात अडकतो आणि पडल्यावर वाकतो.

वजनाचेही असेच. नेमबाजीचे शस्त्र किलोच्या पुढे जाते. जड शस्त्र कमी हलते आणि धक्काही कमी देते. दिवसभर कमरेला बाळगायच्या शस्त्रात मात्र प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात.

रेंजवरची शिस्त

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाचे शस्त्र चालते आणि त्यात रिव्हॉल्व्हरला पूर्ण मुभा आहे. नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, चाप एक किलोपेक्षा हलका नको आणि शस्त्र एकाच हाताने, हाताला कसलाही आधार न देता चालवायचे. दुर्बिणीसारखी किंवा लाल ठिपक्याची साधने चालत नाहीत. एकूण ६० बार. पहिले ३० प्रिसिजनचे, पाच-पाच बारांच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीला पाच मिनिटे. उरलेले ३० रॅपिडचे: लक्ष्य तीन सेकंद समोर येते, मग सात सेकंद दिसेनासे होते, आणि दर वेळी एकच बार मारायचा. सुरुवातीला हात ४५ अंशांत खाली धरलेला असावा लागतो.

या सात सेकंदांच्या विश्रांतीमुळेच रिव्हॉल्व्हर या प्रकारात दीर्घकाळ टिकले. तेवढ्या वेळात अंगठ्याने घोडा चढवता येतो, म्हणजे रॅपिडमध्येही एकेरी क्रियेचा हलका चाप मिळतो. स्टँडर्ड पिस्तूल या शेजारच्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यात पाच बार दहा सेकंदांत संपवावे लागतात; तिथे घोडा चढवायला उसंत नसते. ऑलिम्पिकच्या रॅपिड फायर प्रकारात तर चार सेकंदांत पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर पाच बार. तिथे रिव्हॉल्व्हरचा विचारही कोणी करत नाही. सेंटर फायर हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नसला तरी भारतीयांना तो परका नाही. भारतीय नेमबाज जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती.

.३२ चा योगायोग

भारतातल्या परवानाधारकाच्या हातातले रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ चे का असते, याचे उत्तर शस्त्र नियमांत आहे. .३८० किंवा .४५५ ची कडवाली काडतुसे अथवा लष्करी ९ मिलिमीटरची काडतुसे चालू शकतील असे कोणतेही पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर 'प्रतिबंधित बोअर' मानले जाते. .४५५ आणि .३८० ही ब्रिटिश सैन्याच्या रिव्हॉल्व्हरांची काडतुसे होती. सरकारी साठ्यातून गहाळ झालेले काडतूस खासगी शस्त्रात चालता कामा नये, हा त्यामागचा हिशेब. रायफलींत .३०३ ला घातलेली बंदीही त्याच हिशेबातली.

उरलेल्यांत मुख्य .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. १८९६ च्या सुमारास आलेले हे काडतूस कोणत्याही मोठ्या सैन्याचे नव्हते, म्हणून कायद्याच्या चाळणीतून सुटले. साधारण ६.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने जाते. ऊर्जा सुमारे १५० ज्यूल. लष्करी ९ मिलिमीटरची ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल असते. संरक्षणासाठी .३२ कमकुवत म्हणतात ते याच आकड्यांवरून, आणि ते खरे आहे.

गंमत अशी की, जगभरातले सेंटर फायर नेमबाज हेच काडतूस आपणहून निवडतात. वॉल्थर, पार्डिनी, हॅमर्ली या युरोपीय कंपन्यांची स्पर्धेची सेंटर फायर पिस्तुले .३२ स्मिथ अँड वेसन लाँगसाठीच बनली. संरक्षणासाठी जो दोष, तोच स्पर्धेत गुण: धक्का कमी, हात लवकर जागेवर येतो, आणि २५ मीटरवर गोळ्यांचा पुंजका घट्ट पडतो. फरक फक्त गोळीच्या आकाराचा. स्पर्धेची गोळी वॉडकटर असते, म्हणजे पुढून सपाट कापलेली आणि काडतुसाच्या कडेबरोबर बसवलेली. ती कागदात पंचिंग मशीनसारखे स्वच्छ गोल छिद्र पाडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. गोल टोकाची साधी शिशाची गोळी कागद फाडत जाते. पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याचा 'केएफ' शिक्का असलेली .३२ काडतुसे भारतीय परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. हा कारखाना १८६९ पासूनचा.

कायद्याने लष्करी काडतुसे काढून घेतल्यावर जे काडतूस भारतीय नागरिकाच्या वाट्याला आले, ते नेमबाजीसाठी जगातल्या उत्तम काडतुसांपैकी निघाले. अडचण इतकीच, की त्याच्यासाठी देशात बनणारी रिव्हॉल्व्हरे नेमबाजीची नाहीत.

कानपूरची शस्त्रे

भारतीय आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४ च्या वळणाचे आहे. वरची कळ दाबली की नळी आणि चक्र बिजागरीवर खाली झुकतात आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. भरणे-रिकामे करणे सोपे, पण दोन तुकड्यांचा सांगाडा ताकदवान काडतूस सोसू शकत नाही, आणि बिजागरी झिजली की नेमाची जुळणी बिघडते. जानेवारी २०१४ मध्ये आलेले 'निर्भीक' याच जातीचे. टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन ५०० ग्रॅमच्या आसपास आले आणि महिलांसाठीचे शस्त्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या जवळ होती. ज्यांच्यासाठी ते बनले असे सांगितले गेले, त्यांतल्या कितीजणींना ते परवडणार होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. इशापूरच्या रायफल कारखान्याचे .२२ चे 'निडर' त्याहून हलके, सुमारे २५० ग्रॅमचे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे चक्र बाजूला उघडते, म्हणजे सांगाडा एकसंध राहतो. वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि पल्ला ५० मीटर सांगितला जातो. त्याला लावल्या जाणाऱ्या 'लांब पल्ल्याचे' या विशेषणाने फसण्याचे कारण नाही. ५० मीटरपर्यंत गोळी परिणामकारक राहते आणि ५० मीटरवर हव्या त्या जागी लागते, ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्यासाठी वर सांगितलेली भूमिती लागू पडते. शस्त्र म्हणून 'प्रबल'ची रचना जुन्या बिजागरीपेक्षा उजवी आहे, हे मात्र मान्य करावे लागते.

एका घरची दोन भावंडे

दोन उपयोगांची तुलना सर्वांत स्वच्छ दिसते ती फ्रान्समध्ये. मान्युरँ या कंपनीने १९७३ मध्ये एमआर ७३ हे .३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर काढले. फ्रेंच जांदार्मरीच्या जीआयजीएन या विशेष पथकाने ते स्वीकारले आणि पिस्तुलांच्या काळातही अनेक वर्षे सोडले नाही. डिसेंबर १९९४ मध्ये मार्सेय विमानतळावर अपहृत एअर फ्रान्स विमानात शिरताना पथकाच्या हाती हे शस्त्र होते. याच घराण्यात कंपनीने एमआर ३२ हे स्पर्धेचे रिव्हॉल्व्हर बनवले, .३२ स्मिथ अँड वेसन लाँगसाठी. जुळणीचा काटेकोरपणा दोन्हींत सारखा. पण एकाला जोरकस काडतूस आणि रोजच्या सरावाचा मार सोसणारा पोलादी सांगाडा, दुसऱ्याला मऊ काडतूस, हलवता येणारी खाच आणि नेमबाजाच्या पंजाला बसणारी लाकडी मूठ. कारखाना तोच असला, कारागीर तेच असले, तरी एका शस्त्रात दोन्ही कामे बसवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

चकमकीतले गुण

बंदोबस्ताच्या कामात रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण म्हणजे त्याचे साधेपण. एखादे काडतूस उडाले नाही, तर पुन्हा चाप ओढला की पुढचा कप्पा समोर येतो. पिस्तुलात अशा वेळी दोन्ही हातांनी सरकपट्टी ओढून खराब काडतूस बाहेर काढावे लागते. मॅगझिनची स्प्रिंग दाबून राहिल्याने थकण्याचा प्रश्न नाही. भरलेले रिव्हॉल्व्हर महिनोन्महिने कपाटात राहिले तरी चालते. काडतूस कमी-जास्त ताकदीचे असले तरी यंत्र चालत राहते, कारण ते काडतुसाच्या जोरावर अवलंबूनच नसते.

चकमकीतल्या मर्यादा

सहा बारांनंतर हाती काही उरत नाही, ही पहिली मर्यादा. दुसरी, पुन्हा भरायला लागणारा वेळ. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत अमेरिकेच्या एफबीआयचे आठ जण दोन सशस्त्र दरोडेखोरांसमोर आले. बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर होते. हाताला गोळी लागलेल्या एका अधिकाऱ्याला रिकामे चक्र पुन्हा भरता आले नाही. दोन अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर एफबीआय पिस्तुलांकडे वळली. अमेरिकेतली बाकीची पोलीस खातीही पुढच्या काही वर्षांत त्याच वाटेने गेली. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये ९ मिलिमीटर पिस्तुलाला परवानगी दिली.

भारतात हा बदल इशापूरच्या ९ मिलिमीटर १ए पिस्तुलाने घडवला. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवरच्या या पिस्तुलात १३ काडतुसे बसतात. फौजदाराच्या कमरेचे .३८ मागे पडले आणि हे किंवा याहून नवे पिस्तूल आले. थोडक्यात, बंदोबस्ताच्या कामात रिव्हॉल्व्हर व्यावसायिकांनी सोडले आहे. ते उरले आहे ते स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या खासगी माणसाकडे.

पनवेलचा परवाना

असा परवाना कसा मिळतो, ते पनवेलच्या उदाहरणाने पाहू. पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात. पण पनवेल शहर, खारघर, कामोठे, कळंबोली ही पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडतात. त्यामुळे या भागातला शस्त्र परवान्याचा अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे न जाता पोलीस आयुक्तांकडे जातो. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे वय २१ पूर्ण हवे. शस्त्र नियम २०१६ नुसार सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. लग्नात वा मिरवणुकीत बार उडवणे हा आता दोन वर्षांपर्यंत कैदेचा स्वतंत्र गुन्हा आहे. निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. शस्त्र चालवल्यास ते खासगी बचावाच्या चौकटीत बसले पाहिजे. भारतीय न्याय संहितेत ही कलमे ३४ ते ४४ आहेत आणि गरजेपेक्षा अधिक बळाला ती संरक्षण देत नाहीत.

हातातल्या शस्त्रावर कायद्याची नजर या परिसराला नवी नाही. इंग्रज राजवटीविरुद्ध उठलेले वासुदेव बळवंत फडके पनवेल तालुक्यातल्याच शिरढोणचे. त्यांचे बंड १८७९ चे. लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा त्याच्या एकच वर्ष आधीचा, १८७८ चा.

पावसाळा आणि गंज

कोकणच्या पट्ट्यात पोलादी शस्त्राचा मुख्य शत्रू दमटपणा. चामड्याच्या म्यानात ठेवलेले रिव्हॉल्व्हर जूनमध्ये गेले आणि सप्टेंबरमध्ये बाहेर आले, तर चक्राच्या कडांवर आणि नळीच्या तोंडाशी तांबूस डाग दिसतातच, कारण चामडे पाणी धरून ठेवते. उपाय साधे आहेत: म्यानाबाहेर, तेलाचा हलका थर देऊन, कोरड्या कापडात ठेवणे, आणि वापरानंतर सहाही कप्पे ब्रशने साफ करणे. कप्प्यांत साचलेले शिसे दुर्लक्षिले तर पुढचे काडतूस पूर्ण बसत नाही आणि चक्र अर्ध्यात अडते. तेलही बेताचे हवे; ते काडतुसाच्या टोपीत झिरपले तर बार फुसका जातो.

सराव

दोन उपयोगांत शेवटचा फरक सरावाचा आहे, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. नेमबाज हजारो बार उडवून शिकतो. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि बहुतेक परवानाधारकांना बार उडवायला रेंजही मिळत नाही. ज्याला प्रसंगी घाबरलेल्या अवस्थेत पाच किलोचा चाप ओढायचा आहे, त्यालाच सरावाची संधी सर्वांत कमी.

नेमबाजीची वाट महाराष्ट्रात त्या मानाने मोकळी आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची आणि पुण्यात बालेवाडीला क्रीडा संकुलाची रेंज आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले, ते .२२ च्या पिस्तुलावर. पनवेलमध्ये सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचलेल्या आणि पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या या प्रशिक्षिकेमुळे क्लबची ओळख एअर रायफलची आहे. रिव्हॉल्व्हर हा तिथला विषय नाही.

निवड

आजच्या भारतीय बाजारातले .३२ रिव्हॉल्व्हर नेमबाजीचा छंद म्हणून घेण्यासारखे नाही. काडतूस उत्तम असले तरी आखूड नळी, कोरलेली खाच, हलका सांगाडा आणि मोजकी काडतुसे यांमुळे त्यावर नेम शिकता येत नाही. छंदासाठी १० मीटर एअर पिस्तूल हीच योग्य सुरुवात. .१७७ पर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर शस्त्राला शस्त्र परवाना लागत नाही, छऱ्यांचा खर्च कमी, आणि चापावरचे नियंत्रण तिथेच बसते. त्यानंतर क्लबमार्फत .२२ आणि राष्ट्रीय पातळी गाठली तर सेंटर फायर, असा क्रम असतो. संरक्षणासाठी परवाना मिळालाच असेल, तर एकसंध सांगाड्याचे, बाजूला उघडणाऱ्या चक्राचे रिव्हॉल्व्हर बिजागरीच्या जुन्या जातीपेक्षा बरे.